मॉडेलच्या आधी टीएनएमचा तक्ता: डोकं-मानेच्या कर्करोगाचं स्टेजिंग आणि स्कॅनचं विश्लेषण

मानेत एकाच बाजूला एकच लसिकाग्रंथी बाधित आहे, आवरण फोडून बाहेर पसरलेली नाही. तिचा सर्वात मोठा व्यास ३० मिलिमीटर भरला तर ती एन१ (टीएनएममध्ये टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे लसिकाग्रंथी, एम म्हणजे लांबवरचा पसार; तिन्ही मिळून स्टेज ठरते). ३१ भरला तर एन२ए. मूळ गाठ टी२ असेल तर या एका मिलिमीटरने रुग्ण स्टेज तीनमधून स्टेज चार-ए मध्ये जातो. आता गंमत बघा. हीच ग्रंथी आणि हीच टी२ गाठ टॉन्सिलची असेल आणि बायोप्सीत पी१६ (एचपीव्ही विषाणूशी जोडलेल्या गाठीची खूण असलेलं प्रथिन) पॉझिटिव्ह निघाली, तर ३० असो वा ३१, स्टेज एक.

संगणकशास्त्रातून या विषयात येणारा माणूस बहुतेक वेळा आधी मॉडेल शोधतो. रेडिओलॉजी नव्याने शिकणारा आधी चित्रं बघत सुटतो. दोघांनाही माझं सांगणं एकच: आधी टीएनएमचा तक्ता पुढ्यात ठेवा. स्टेज स्कॅनमध्ये कुठे दिसत नसते. दहा-बारा लहान प्रश्नांची उत्तरं मिळाली की तक्ता ती देतो, आणि स्कॅनचं विश्लेषण त्यातल्या काही प्रश्नांपुरतंच कामाचं आहे. कोणत्या, ते ओळखायला या लेखाचा उपयोग व्हावा. (स्वतःचा किंवा घरच्या कुणाचा रिपोर्ट हातात घेऊन वाचत असाल तर यावरून स्टेज काढू नका; उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.)

पायरी १: प्रश्न सुटे करा

'डोकं-मानेचा कर्करोग' हा एक आजार नाही. मुखपोकळी, टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा घसा, स्वरयंत्र, खालचा घसा, नाकामागचा घसा, लाळग्रंथी, सायनस, प्रत्येकाचा टी वेगळ्या नियमाने ठरतो. म्हणून पहिला रकाना जागेचा. दुसरा पी१६चा, तो टॉन्सिल-घशाच्या गाठींसाठी. ही माहिती कुठल्याही स्कॅनमधून मिळत नाही, पॅथॉलॉजीकडून घ्यावी लागते. ती नसताना घशाच्या गाठीचं स्टेज सांगणारं सॉफ्टवेअर अंदाज ठोकत असतं.

तिसरा रकाना आवृत्तीचा, आणि तोच सर्वात जास्त विसरला जातो. एजेसीसीची (टीएनएमचे नियम छापणारी अमेरिकी समिती) आठवी आवृत्ती अमेरिकेत जानेवारी २०१८ पासून लागू झाली. मुखपोकळीच्या टीमध्ये गाठीची खोली आणि पी१६ पॉझिटिव्ह घशासाठी वेगळा तक्ता, हे दोन्ही बदल तिच्यातले. नाकामागच्या घशासाठी तर नववी आवृत्ती २०२५ पासून आली आहे. जुन्या डेटासंचात 'टी२' लिहिलेलं दिसलं तर ते कोणत्या आवृत्तीचं, हे कळेपर्यंत त्यावर काही शिकवू नका. २०१२ सालच्या रुग्णाचं लेबल आजच्या नियमाने चुकीचं असू शकतं आणि त्यात लेबल लावणाऱ्याचा काही दोष नसतो.

आता उरलेले प्रश्न लिहून काढा. गाठ केवढी? खोली किती? हाडात गेली का? कूर्चेत गेली का? किती ग्रंथी, कोणत्या बाजूच्या, केवढ्या? आवरण फुटलं का? फुप्फुसात काही आहे का? प्रत्येकापुढे लिहा: 'स्कॅन सांगेल', 'स्कॅन मदत करेल' किंवा 'स्कॅन सांगू शकत नाही'. स्वरतंतू हलत नसेल तर स्वरयंत्राची गाठ टी३ होते, आणि ते एंडोस्कोपीत बघायचं असतं. स्थिर सीटीवरून हालचालीचा निवाडा करणारं मॉडेल कितीही देखणं असलं तरी ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत असतं.

पायरी २: कोणता प्रश्न कोणत्या स्कॅनला

कॉन्ट्रास्ट दिलेला सीटी हा बहुतेक ठिकाणी कामाचा घोडा. जलद होतो, गिळण्याने-श्वासाने कमी हलतो आणि जबड्याच्या हाडाचा बाहेरचा कठीण थर नीट दाखवतो. एमआरआय मऊ ऊतींसाठी: जिभेतली खोली, हाडातला मगज, कवटीचा तळ, नसांच्या कडेने सरकणारा आजार. मात्र दाताच्या मुळाशी साधा संसर्ग असला तरी एमआरआयमध्ये मगज बदललेला दिसतो आणि हाड बाधित असल्याचा भास होतो. म्हणून हाडाच्या प्रश्नाला दोन्ही साक्षीदार लागतात.

एफडीजी पेट-सीटीचं (किरणोत्सारी साखर टोचून ती जास्त शोषणाऱ्या पेशी उजळ दाखवणारा स्कॅन) मुख्य काम लांबवरचा पसार आणि मूळ गाठ सापडत नसलेली मानेतली ग्रंथी. पेट सूजही उजळवतं, टॉन्सिल निरोगी असतानाही उजळवतं आणि नुकत्याच झालेल्या बायोप्सीची जागाही उजळवतं. त्यामुळे शक्य असेल तेव्हा आधी स्कॅन, मग बायोप्सी. उलट बाजूला, काही मिलिमीटरची ग्रंथी किंवा आत पाणी भरलेली ग्रंथी पेटमध्ये थंडच दिसते. पी१६ पॉझिटिव्ह आजारात अशा पाणीदार ग्रंथी पुष्कळदा भेटतात. मानेच्या सोनोग्राफीला नवशिके कमी लेखतात, पण शंकास्पद ग्रंथीत सुई नेमकी घालायची तर तीच कामी येते, आणि सुईतल्या पेशींपुढे सगळे पिक्सेल गप्प बसतात.

पायरी ३: फाइल उघडल्यावर आधी काय तपासायचं

स्लाइसची जाडी. खोलीचा उंबरठा ५ आणि १० मिलिमीटरचा असताना ५ मिलिमीटर जाडीच्या स्लाइसवर मोजणं म्हणजे धान्याच्या मापाने केशर मोजणं. १ ते ३ मिलिमीटरची मालिका शोधा. अनेकदा ती त्याच तपासणीच्या फोल्डरमध्ये दुसऱ्या नावाने पडलेली असते.

नंतर विंडो, म्हणजे करड्या छटांत दाखवायचा घनतेचा पल्ला. मऊ ऊतींसाठी रुंदी साधारण ३५० ते ४००, मध्य ४० ते ५० हाउन्सफील्ड (सीटीवरच्या घनतेचं एकक). हाडासाठी वेगळी, खूप रुंद विंडो आणि हाडासाठीच तयार केलेली धारदार मालिका. एकाच विंडोत दोन्ही बघू नका.

दातातल्या धातूच्या रेघा मुखपोकळीच्या स्कॅनवर हमखास येतात. गाठ त्या रेघांखाली असेल तर ती आखता येत नाही, हे नोंदवायला लाजू नका. तंत्रज्ञाने तोंड उघडं ठेवून किंवा गॅन्ट्री (स्कॅनरचं कडं) वाकवून दुसरी फेरी घेतली असेल तर ती वापरा. गालाच्या आतल्या गाठीसाठी रुग्णाला गाल फुगवायला सांगून सीटी घेतात: मध्ये हवा भरली की गाल आणि हिरडी वेगळे होतात आणि गाठ नेमकी कुणाची ते कळतं. एवढ्याशा फुंकरीने जे साधतं, ते नंतर कुठल्याही अल्गोरिदमला साधत नाही.

डावं-उजवं. यावर जरा थांबतो, कारण यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. डायकॉम आणि निफ्टी या स्कॅनच्या फाइलींच्या दोन प्रकारांत अक्षांच्या दिशा वेगळ्या धरतात. रूपांतर करताना हेडर नीट वाचलं गेलं नाही तर मास्क (गाठ किंवा ग्रंथी म्हणून आखलेला भाग) आरशातल्यासारखा दुसऱ्या बाजूला जातो. मानेची दोन्ही अंगं इतकी सारखी असतात की डोळ्याला खटकतही नाही. आमच्याकडे हे आठवडाभराने लक्षात आलं, तेही एकाने विचारलं म्हणून: 'या रुग्णाची डावी टॉन्सिल आधीच काढलेली होती ना? मग मास्क तिथे कसा?' दुसऱ्या अवयवात अशी चूक निस्तरता येईल. इथे बाजू हाच स्टेजचा प्रश्न आहे: एकाच बाजूच्या अनेक ग्रंथी एन२बी, विरुद्ध किंवा दोन्ही बाजूंच्या एन२सी. तेव्हापासून प्रत्येक रूपांतरानंतर पाच रुग्णांची बाजू मी रिपोर्टशी हाताने ताडून बघतो.

आणि ओळख लपवणं. नाव-क्रमांक काढला की काम झालं असं इथे नाही. डोक्याच्या सीटीतून त्वचेचा पृष्ठभाग उभा केला की माणसाचा चेहरा दिसतो. मेंदूच्या स्कॅनमध्ये चेहरा कापून टाकतात. आपल्याकडे तो कापला तर गाठच जाते. म्हणून असा डेटा परवानगीच्या चौकटीत, कुलूपबंद जागीच ठेवायचा.

पायरी ४: आखणी

थ्रीडी स्लायसर किंवा आयटीके-स्नॅप, आखणीची ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. एकावर हात बसवा. मूळ गाठ आणि ग्रंथी वेगवेगळ्या लेबलने आखा, आणि प्रत्येक ग्रंथीला वेगळा क्रमांक द्या. सगळ्या ग्रंथींना एकच रंग दिला तर नंतर मोजणी करता येत नाही आणि एन ठरत नाही.

रेडिओथेरपीच्या फाइलमधल्या आखण्या आयत्या मिळतात म्हणून उचलताना नाव वाचा. जीटीव्ही म्हणजे दिसणारी गाठ. सीटीव्हीत न दिसणाऱ्या पसाराची शक्यता धरून भोवतालचा भाग घेतलेला असतो. सीटीव्हीवरून आकार मोजला तर प्रत्येक रुग्णाची गाठ फुगेल.

निदान वीसेक रुग्ण दोन जणांनी एकमेकांचं न बघता आखावेत. दोन तज्ज्ञांत जेवढा फरक पडतो, त्याहून बारीक अचूकतेचा दावा कुठल्याही यंत्राने करू नये. पेटवर कडा ठरवताना सर्वाधिक मूल्याच्या चाळीसेक टक्क्यांवर रेघ मारायची पद्धत आहे, तशीच एसयूव्ही (पेटवरच्या उजळपणाचं माप) २.५ ची ठरावीक रेघही आहे. दोन्हींतून वेगळे आकार निघतात. कोणती वापरली ते लिहा आणि मध्येच बदलू नका.

पायरी ५: मोजमाप, म्हणजे खरी मेख

सेगमेंटेशनच्या, म्हणजे आखणीच्या, जगात डाइस गुणांक हे चलनी नाणं. दोन आखण्या किती जुळतात ते ० ते १ मध्ये सांगतो, ०.९ आला की लोक पाठ थोपटतात. कागद-पेन्सिल घ्या. खरी ग्रंथी ३० मिलिमीटर व्यासाचा गोळा धरा, घनफळ सुमारे १४.१ घन सेंटिमीटर. मॉडेलने कडा सगळीकडून फक्त १ मिलिमीटर बाहेर आखली: व्यास ३२, घनफळ सुमारे १७.२. डाइस येतो ०.९०. दिमाखदार गुण, आणि एन१ ची एन२ए झाली.

आता खरी ग्रंथी १० मिलिमीटरची घ्या आणि तीच १ मिलिमीटरची चूक करा. डाइस ०.७३ वर येतो. चूक तेवढीच, पण गुणपत्रिका बिघडली. म्हणजे डाइस लहान ग्रंथींना शिक्षा करतो आणि मोठ्या ग्रंथींच्या सीमेवरच्या चुका झाकून ठेवतो. स्टेजिंगसाठी मॉडेल तपासायचं तर व्यासातला फरक मिलिमीटरमध्ये मांडा, एकही ग्रंथी सुटली का ते मोजा, आणि शेवटी टी व एनची श्रेणी किती रुग्णांत बदलली ते सांगा. डाइस द्यायचा तर द्या, पण तळटीपेत.

दुसरा गोंधळ अक्षांचा. ग्रंथी संशयास्पद आहे का, हे बघताना लहान अक्ष मोजतात: साधारण १० मिलिमीटर, जबड्याच्या कोनाखालच्या वरच्या ग्रंथींसाठी ११, घशामागच्या ग्रंथींसाठी त्याहून बरंच कमी, ५-६. पण बाधित ठरलेल्या ग्रंथीची एन श्रेणी ठरते ती सर्वात मोठ्या व्यासावर, ३ आणि ६ सेंटिमीटरच्या उंबरठ्यांनी. आणि तो व्यास कुठल्याही प्रतलात असू शकतो. मानेतल्या ग्रंथी बहुधा वर-खाली लांबट असतात, त्यामुळे आडव्या स्लाइसवर फिरवलेली मोजपट्टी त्यांना लहान दाखवते. इथे मात्र त्रिमितीय मास्क माणसाच्या पुढे आहे. मला विचाराल तर आजच्या घडीला विश्लेषणाचा सर्वात रोकडा फायदा हाच: न कंटाळता, प्रत्येक ग्रंथीचा खरा मोठा व्यास.

आकारावर भिस्त ठेवून भागत नाही हेही खरं. ८ मिलिमीटरची ग्रंथी मधोमध काळी, म्हणजे आत मृत झालेली दिसली, तर ती २ सेंटिमीटरच्या गुळगुळीत, चरबीची खाच शाबूत असलेल्या ग्रंथीपेक्षा जास्त संशयास्पद.

पायरी ६: तीन जागा, जिथे सगळेच चुकतात

खोली. मुखपोकळीची २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ ५ मिलिमीटरपर्यंत खोल असेल तर टी१, त्याहून खोल गेली की टी२. आणि २ ते ४ सेंटिमीटरची गाठ १० च्या पुढे गेली की टी३. पण खोली म्हणजे जाडी नव्हे. शेजारच्या निरोगी श्लेष्मल त्वचेची रेघ गाठीवरून पुढे ओढायची आणि त्या रेघेपासून खाली मोजायचं. फुलकोबीसारखी वर आलेली गाठ जाड असून उथळ असते. खड्डा पडलेली गाठ पातळ असून खोल असते. मास्कची जाडी काढणारा कोड या दोन्हींत उलट उत्तर देतो. त्यात भोवतालच्या सुजेमुळे आणि काढलेली ऊती आक्रसत असल्यामुळे एमआरआयवरची खोली पॅथॉलॉजीपेक्षा जास्त भरते. दोन्ही आकडे एकाच रकान्यात टाकू नका.

हाड आणि कूर्चा. हिरडीच्या गाठीने जबड्याचा वरवरचा थर किंवा दाताची खोबण थोडी कुरतडली एवढ्यावर टी४ होत नाही. कठीण थर ओलांडून आत जावं लागतं. स्वरयंत्रात थायरॉइड कूर्चेच्या फक्त आतल्या थराची झीज टी३, बाहेरच्या थराच्या पार गेलं की टी४ए. अडचण अशी की जी कूर्चा अजून हाडासारखी कठीण झालेली नाही ती सीटीवर गाठीच्याच करड्या रंगाची दिसते. तिथे मॉडेल आत्मविश्वासाने रंग भरतं आणि एखाद्याचं स्वरयंत्र काढायचं की वाचवायचं हा निर्णय त्या रंगाच्या शेजारी उभा असतो.

ग्रंथीचं आवरण फुटणं. आठव्या आवृत्तीत पी१६ पॉझिटिव्ह घसा आणि नाकामागचा घसा वगळता बहुतेक जागी याची एन३बी होते, पण केवळ स्कॅनवरून नाही: तपासताना त्वचेत शिरलेली, खालच्या भागाला चिकटलेली, नस बाद केलेली अशी स्पष्ट खूण लागते, स्कॅन तिला दुजोरा देतो. नाकामागच्या घशाच्या नवव्या आवृत्तीत मात्र शेजारच्या स्नायूत-त्वचेत शिरलेलं स्कॅनवर ठळक दिसलं तर एन३ धरतात. सूक्ष्म फाटणं सीटीवर ओळखण्यात अनुभवी डोळ्यांतही मतभेद होतात. डीप लर्निंगने त्यात आशादायक निकाल दाखवले आहेत. निकाल चांगला असला तरी नियम काय म्हणतो ते आधी.

पायरी ७: आता मॉडेल

स्वतःचा डेटा नसेल तर द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्हवर रॅडक्युअर हा ३,३४६ रुग्णांचा संच आहे, अर्ज करून मिळतो. पेट-सीटीवर गाठ आणि ग्रंथी आखण्याची हेक्टर स्पर्धा २०२० पासून भरली. २०२२ च्या फेरीत ९ केंद्रांतले ८८३ रुग्ण होते. सुरुवातीला एनएन-यूनेट ही आखणीची तयार प्रणाली चालवा. ते स्वतःच बहुतेक मापदंड ठरवतं, आणि तुमचं हातचं मॉडेल त्याला हरवत नसेल तर त्यावर महिने घालवू नका.

दोन नियम पाळा. शिकवणीचा आणि चाचणीचा डेटा रुग्णागणिक वेगळा करा, स्लाइसगणिक नाही. नाहीतर एकाच माणसाची शेजारची स्लाइस दोन्हीकडे जाते. आणि एक अख्खं केंद्र बाहेर ठेवून त्यावर तपासा.

रेडिओमिक्सचा मोह सर्वांना होतो: शेकडो पोतमापं काढायची आणि त्यातून भविष्य वर्तवायचं. २०१४ साली गाजलेल्या फुप्फुस आणि डोकं-मानेच्या अशाच एका सूत्राची २०१९ मध्ये वेल्च आणि सहकाऱ्यांनी फेरतपासणी केली, तेव्हा त्याचा बराचसा जोर साध्या घनफळातून येतो असं दिसलं. म्हणून कुठलंही सूत्र मांडण्याआधी शेजारी एक ओळ ठेवा: फक्त घनफळ वापरलं तर काय येतं?

पायरी ८: उत्तर कसं द्यायचं

'स्टेज ४ए' असं एका शब्दात देऊ नका. ट्यूमर बोर्डाला (उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीला) उपयोगी पडतं ते असं: 'डावी लेव्हल २ (मानेचा वरचा पट्टा), एक ग्रंथी, मोठा व्यास ३१ मिलिमीटर, दोन आखण्यांतला पल्ला २९ ते ३३, स्लाइस २ मिलिमीटर, एन१ व एन२ए च्या सीमेवर; मास्क रेडिओलॉजिस्टने तपासला.' शंका असेल तर खालची श्रेणी धरावी हा टीएनएमचा जुना नियम आहे, आणि तो लावायचा तर शंका होती हे आधी कागदावर दिसलं पाहिजे. एकच आकडा छापणारं सॉफ्टवेअर ती शंकाच पुसून टाकतं.

शस्त्रक्रिया झाली तर काही दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट येईल. त्यातले व्यास, खोली, ग्रंथींची संख्या आपल्या आकड्यांच्या शेजारी त्याच ओळीत भरा, आपले आकडे न बदलता. रेडिएशन-केमोने उपचार झालेल्यांचा हा रकाना रिकामाच राहील. त्यांना हिशोबातून वगळलं तर वहीत फक्त शस्त्रक्रिया करता येण्याजोगे रुग्ण उरतात, हे त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.